हवेशीर घर

४ मार्च

घरमालकाचा पुतण्या येऊन गेला. म्हातारा जिवंत होता तोवर हा जिन्यातसुद्धा कधी दिसला नाही. आता सारखा दिसतो. चहा नको म्हणाला. पाणी मागितलं, ग्लास खिडकीकडे धरून उजेडात तपासला आणि न पिताच टेबलावर ठेवून दिला. ग्लास आमचा, घर आमचं आणि शिसारी त्याला! बोलताना त्याच्या खालच्या दातांमागचं कीटण दिसत होतं, थरावर थर. ज्याला स्वतःच्या तोंडात झाडू मारता येत नाही, त्याने लोकांचे ग्लास तपासू नयेत.

निरोप एवढाच, की इमारत पाडायची आहे, जूनअखेर खोल्या रिकाम्या करा. "काका तुम्हाला फार मानायचे," असंही वर म्हणाला. जाताना कडीला हात लावला आणि तो हात रुमालाला पुसला.

दार लागल्यावर बायको हळूच म्हणाली, "सुटलो."

"काय?"

"सुटलो म्हटलं. गेला एकदाचा."

खरं आहे. असला माणूस खोलीत बसून गेला की खुर्चीसुद्धा धुऊन काढावीशी वाटते. मी काढलीही.

९ मार्च

घरं बघतोय. घरं कसली, एकेक उकिरडा. पहिल्या घराच्या जिन्यात ओल्या फडक्याचा वास. दुसऱ्याच्या मोरीत काय मेलं होतं देव जाणे, वर लिंबाच्या वासाचं औषध ओतून ठेवलेलं, म्हणजे मेलेल्याला लिंबू पिळून वाढल्यासारखं. तिसऱ्यात राहून गेलेल्या बाईच्या तोंडाला लावायच्या मलमाचा वास अजून भिंतीत होता. अशा भिंतीला पाठ लावून मी झोपू?

सगळं मलाच हुंगावं लागतं. हिला काही वर्षांपूर्वी तो मोठा ताप आला आणि ताप उतरताना हिचं नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. आलं नाही. दूध करपलं, गॅस सुरू राहिला, कपड्यांना कुबट वास लागला, हिला पत्ता नसतो. पातेलं माझ्यापुढे धरते, "बघ रे." मी बघतो. या घराचं नाक मी आहे, आणि ही जबाबदारी मी कधी टाळली नाही.

हिचा माझ्यावर विश्वासही तेवढाच. नव्या घरात शिरलो की ही खोलीकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघते. माझं नाक मुरडलं की लगेच पर्स खांद्याला लावून वळते. एक शब्द बोलावा लागत नाही. इतकं जुळलेलं जोडपं विरळा.

१५ मार्च

आज शहराबाहेरचं बघून आलो. परवडण्याजोगं म्हणजे शहराबाहेरचंच, हे आता कळून चुकलंय. बस सुटली ती सुटलीच. शहर संपलं, मग गोदामं संपली, मग काहीच नसलेलं बरंच काही आलं आणि त्याच्याही पलीकडे या इमारती. रुंद रस्ते, वर माणूस नाही. काठीला बांधलेली रोपं, काठी जास्त टवटवीत. फाटकावर मोठा फलक : हसणारा बाप, हसणारी आई, हसणारी दोन पोरं. चौघांचे दात एकाच साच्यातून काढलेले. माझा धंदा कवळ्या करण्याचा आहे, मला कोणी फसवू नये.

एजंट फाटकातच उभा होता. मी त्याचं नाव मधाचं बोट ठेवलंय. बोलतो तेव्हा शब्द ओठाला चिकटून तार धरतात. "ताई, या. दादा, या. हवेशीर जागा आहे बघा, एकदम हवेशीर." दर दोन वाक्यांनी हवेशीर. आधी त्याने नमुन्याचं घर दाखवलं. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं. एकाला कोणीतरी चावलं होतं, दातांच्या खुणांसकट. पलंग बघून मला शंका आली म्हणून मी आडवा झालो. पाय गुडघ्यापासून बाहेर! खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम तोकडा बनवलेला. "दादा, तो फक्त शोभेचा," मधाचं बोट म्हणालं. आम्हीही शोभेचेच झोपणार काय?

मग विकायचं घर दाखवलं. चौथा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी. रिकामं. मी चारी कोपरे हुंगले. रंग आणि सिमेंट, बाकी काही नाही. मोरीतही नाही. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

ही दारातून आत आली आणि सरळ खिडकीशी गेली. पर्समधून दोऱ्याची दोन रिळं काढली. ही तयार कपड्यांच्या कारखान्यात कापणी खात्यात मुख्य आहे, रिळं पर्समध्ये असतातच. दोन्ही रिळं उजेडात धरून म्हणाली, "हे बघ. हा काळा आणि हा गडद निळा. इथे वेगळे दिसतात."

"मग?"

"आपल्या घरी दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत."

बराच वेळ तशीच उभी होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बसच्या प्रवासाने दमली असावी.

१८ मार्च

प्रयोगशाळेत दिवसभर एका निवृत्त गायिकेची कवळी. वरच्या बाजूचं मेण तिसऱ्यांदा बसवलं. बाईंना मूळ दातांत होती तीच फट हवी आहे, गाताना हवा तिथूनच जायची म्हणे. माणसं आपल्या व्यंगालाही चटावतात.

भागीदाराला नमुन्याच्या पलंगाची गोष्ट सांगितली. तो हसला. हसला की त्याच्या मिशीत अडकलेले पांढरे प्लॅस्टरचे कण हलतात, बघवत नाही. म्हणाला, "अरे, पण घर कसं होतं?"

"एजंट भामटा आहे."

"घर कसं होतं विचारतोय."

"वास नव्हता."

"म्हणजे चांगलं होतं." टेबल पुसता पुसता पुढे म्हणाला, "इतकी वर्षं एका टेबलावर काम करतोय आपण, तुझ्या तोंडून 'चांगलं आहे' असं मी एकदा तरी ऐकलंय का, आठवतोय."

मी म्हटलं, चांगलं असतं तर म्हटलं असतं. हे बोलणं इथेच संपलं.

२२ मार्च

पकडलं!

मला राहवेना म्हणून आज कोणालाही न सांगता एकटाच तिकडे गेलो. बसमधून उतरलो आणि दोन पावलं चाललो, तोच वास नाकावर आदळला. असा वास मी जन्मात घेतलेला नाही, आणि माझा जन्म लोकांच्या तोंडांचे ठसे हाताळण्यात गेलाय. रस्त्याकडेच्या कठड्याला धरून उभा राहिलो. वारा उगवतीकडून होता. तिकडे कालव्यापलीकडे, टेकाडाआड, दोन बुटकी धुराडी दिसली. मागच्या वेळी धूर पलीकडे जात होता म्हणून दिसली नव्हती.

फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, हा वास कसला? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरातल्या बाईबद्दल काही बोललो. "कसला वास?" त्याच्या गळ्यातला रुमाल नाकापर्यंत चढलेला होता!

चौथ्या मजल्यावर गेलो. शेजारच्या दाराची घंटा वाजवली. एक ठेंगणी, गोरटेली बाई, हातात ओली पुसणी. दार कसंबसं वीतभर उघडलं. मी विचारलं. "आज कोणीतरी कचरा जाळलाय," ती म्हणाली.

"रोज जाळतात का?"

"तुम्ही घर घेताय का?"

"बघतोय."

"घ्या. चांगलं आहे. माणसं चांगली आहेत." आणि दार लावलं. दाराखालच्या फटीत तिने आतून कापड कोंबलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

खाली वाण्याच्या दुकानात खरं कळलं, तेही तो दुकान विकून जायच्या बेतात आहे म्हणून. टेकाडाआड चरबी वितळवायचा कारखाना आहे. वारा मावळतीकडून असला की काही नाही. उगवतीकडून असला की हे असं. मधाचं बोट सकाळी वारा बघून गिऱ्हाइकांना फोन करतं. आणि इथले रहिवासी कोणाला सांगत नाहीत, कारण एकदा बोभाटा झाला की त्यांची घरंही कोणी घेणार नाही. सगळी इमारत तोंडाला कुलूप लावून बसलेली. वासापेक्षा मला त्या कुलपांचीच जास्त किळस आली.

येताना बसमध्ये मात्र, खोटं कशाला लिहू, मला फार हलकं वाटत होतं.

२२ मार्च, पुन्हा

हिला सगळं सांगितलं. नकलेसकट सांगितलं, रखवालदाराचा रुमाल, दाराखालचं कापड. मला वाटलं, ही कपाळावर हात मारून घेईल. ही कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. तुला वास आला."

"आला म्हणजे? उलटी व्हायची राहिली!"

"तुला कुठे येत नाही?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या मैत्रिणीकडे मांजराचा आला, आपण जाणं सोडलं. पोहून आले की केसांना औषधाचा आला, मी पोहणं सोडलं. पडद्यांना आला. माझ्या आईच्या रजईला आला, ती तू देऊन टाकलीस. त्या रजईला कसला वास होता माहितीये? आईचा. तेव्हा मला येत होता. मला आवडायचा तो."

"मी कधी कशाला मनाई केली का? मी फक्त सांगितलं."

"हो. तू फक्त सांगितलंस."

मग म्हणाली, "वीस घरं दाखवली, वीस नापास. एकविसाव्याला तुझ्या नाकाला काही सापडेना, तर तू एकटा परत गेलास शोधायला. मी कशावरून खरं मानू?"

कशावरून म्हणजे? मी सांगतोय यावरून! ज्या बाईला फुलं आणि फिनेल यांतला फरक कळत नाही, ती मला पुरावा मागतेय. नाकापेक्षा मोती जड झालाय.

२९ मार्च

अपमान.

हिने "त्रयस्थ नाक" म्हणून आपल्या धाकट्या भावाला सोबत घेतलं. हा मेहुणा उठल्यापासून झोपेपर्यंत सिगारेट ओढतो, त्याचं नाक म्हणजे निकामी धुराडं. आणि दिवस कोणी ठरवला? मधाच्या बोटाने. फोन करून म्हणालं, "ताई, आजच या, हवा फार छान आहे." मी म्हटलं, नको, उगवतीच्या वाऱ्याला जाऊ. ही म्हणाली, आजच सुट्टी आहे.

अर्थातच काही नव्हतं. धूर पलीकडे चाललेला, हवा धुतल्यासारखी. मेहुण्याने भिंतीला नाक लावलं, मोरीत वाकून बघितलं, बाल्कनीत जाऊन छाती फुगवली. "सिमेंटचा वास येतो भावजी, घराला दुसरा कसला येणार?" मधाचं बोट मान खाली घालून हसत होतं. सोन्याने मढवलेली एक दाढ आहे त्याला, अगदी आत. ती दिसेपर्यंत हसला मेला.

शेजारीण मुद्दाम बाहेर आली. हिच्याशी गोड गोड बोलली. माझ्याकडे बघून ओळखसुद्धा दाखवली नाही. "आपण भेटलोय," मी म्हटलं. "नाही बाई," ती म्हणाली. 'बाई' म्हणाली! गडबडली म्हणून, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

येताना बसमध्ये ही भावाशी कपाटं कुठे बसतील ते बोलत होती. मी पुढच्या बाकावर बसलो. तिथे कोणीतरी संत्र्याची साल टाकली होती.

५ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला ते नीटसं कळलेलं नाही.

ही सकाळीच गेली. एजंट चावी वाण्याकडे ठेवून जातो, ती त्याला न कळवता घेतली. घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि शिवणाचा तुकडा घेऊन त्या रिकाम्या घरात दिवसभर बसली. संध्याकाळी परत आली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझं खरं होतं," म्हणाली.

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"दुपारपर्यंत काही नव्हतं. खाली पोरं खेळत होती, समोरच्या इमारतीत सगळ्या खिडक्या उघड्या, दोऱ्यांवर कपडे. मग कपडे हलायला लागले, उलट्या बाजूला. आणि उगवतीकडच्या टोकाची एक खिडकी बंद झाली. मग तिच्या शेजारची. मग खालची. एकामागून एक, अरे, कोणी बोट फिरवत गेल्यासारखं. बायका बाल्कनीत धावल्या आणि हातात येतील तसे कपडे ओढून आत. पोरं खेळ टाकून पळाली, एकाची चप्पल राहिली ती घ्यायलाही थांबला नाही. आणि सगळं मुकाट! कोणी कोणाला हाक मारली नाही. मी खिडकी उघडी टाकून उभी होते. हवा येत होती गार. मला काही नाही. काही म्हणजे काहीच नाही."

"मग पटलं ना?" मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की मी तिचा हात धरला. "सुटलो आपण! उद्या त्या भामट्याला फोन करतो आणि असा झाडतो..."

"मी ते घर घेतेय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"वास खरा आहे," ती म्हणाली. "तू खोटं बोलला नाहीस, मी तुला खोटं ठरवलं, माझं चुकलं. पण घर मला हवंय. कर्ज माझ्या पगारावर मिळतंय. तुला हाकलत नाहीये मी. दोन खोल्या आहेत, ये. पण यापुढे मी तुझ्या तोंडाकडे बघून घर निवडणार नाही."

"त्या घाणीत राहणार तू?"

"मला घाण येत नाही."

"आणि मला?"

"तुला इथेही येते," म्हणाली.

माझ्या तोंडाकडे बघून? माझ्या तोंडाचा इथे काय संबंध? वयाचा परिणाम असावा. कापणी खात्यात दिवसभर उभं राहून राहून माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, असं मी वाचलंय कुठेतरी.

११ एप्रिल

बोलणं कामापुरतं. मी काही विचारलं की ती उत्तर देते, अगदी नीट देते, तेच सहन होत नाही. भांडली असती तर बरं. आज दूध माझ्यापुढे धरलं नाही. स्वतःच ओतून दिलं.

दूध चांगलं होतं, पण ते तिला कसं कळलं?

३ मे

भागीदाराच्या ओळखीने प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत एक खोली बघितली. नवी फरशी, नवा रंग, वर कोणी नाही, खाली कागदाचं गोदाम. वास शून्य. मी उभाच राहिलो मध्यभागी आणि श्वास घेत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कशावर बोट ठेवता येईना. खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते, पण भिंतही स्वच्छ आहे.

घेतली. हिला सांगितलं. वाटलं होतं, अडवेल. "कोरडी आहे ना?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "जाड पांघरूण तू ने, तुला थंडी वाजते."

तिच्या मनासारखं होतंय ना, होऊ दे. एक उगवतीचा वारा खाल्ला की येईल पळत.

(तिला कळणार नाही, हे लिहिल्यावर लक्षात आलं. पण शेजारपाजारचे तरी सांगतीलच.)

७ जून

टेम्पो आला होता. हमालाने माझ्या मेणाच्या डब्यांवर कपड्यांचं गाठोडं ठेवलं, त्याला घामाचा असा दर्प येत होता की मी जिन्यातच थांबलो. ही हमालाशी हसून बोलत होती, त्याला पाणी देत होती. सामान दोन ठिकाणी जाणार हे कळल्यावर त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग फार हळू हळू उचलायला लागला, आजारी माणसाच्या खोलीत वावरतात तसं. त्याच्या त्या समजूतदारपणाची मला घामापेक्षा जास्त किळस आली.

टेम्पोत पुढे ड्रायव्हरजवळ ती बसली. म्हणाली, "रविवारी येत जा."

मी म्हटलं, "वारा बघून कळव."

विनोद होता. ती हसली नाही.

१३ जून

खोली उत्तम.

२० जून

आज बसमध्ये समोर एक माणूस बसला होता. त्याने नखाने दात कोरले, जे निघालं ते बघितलं आणि परत तोंडात टाकलं. इतकं अस्सल काही बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत आलो. दार उघडलं, दिवा लावला. मग इथे लिहितोय.

लिहिल्यावर त्यात काही राम वाटत नाही.

२४ जून

गायिकाबाई कवळी घालून आल्या. फट हवी तशी जमली आहे. माझ्यासमोर त्यांनी दोन ओळी गायल्या. भागीदार काम सोडून ऐकत उभा राहिला. मला त्यांच्या ओठांच्या कडेला जमलेली थुंकी दिसत होती. मी चिमटा धुवायला गेलो.

नंतर भागीदाराने विचारलं, "वहिनी कशा आहेत?" मी म्हटलं, मजेत. "तू गेला होतास?" मी म्हटलं, कामं आहेत. त्याने मान डोलावली. मिशीतलं प्लॅस्टर माझ्या चहात पडलं. त्याला कधी सांगणार मी?

२८ जून

गेलो होतो. अजून तिथेच आहे. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितोय, ती बाल्कनीत आहे.

आलो तेव्हा वारा मावळतीचा होता. घर लावलंय नीट. पडदे लावलेच नाहीत. शिवणाचं यंत्र खिडकीशी, कापडाच्या चिंध्या जमिनीभर, त्या तशाच! मी दोन उचलल्या. ती म्हणाली, "राहू दे, लागतात." शेजारीण आली होती, हक्काने आत येऊन बसली, मला बघून तिला ठसका लागला. "त्या दिवशीचं मनावर घेऊ नका हो," म्हणाली. "नव्या माणसाला कसं सांगायचं? आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं." याला माफी म्हणायचं का, ते मला ठरवता आलं नाही. शेजारीण गेल्यावर कळलं, की दोघी रोज सोबत बाजारात जातात आणि मासळी किंवा दूध घेताना शेजारीण हिच्यासाठी हुंगून बघते. त्या बाईचं नाक! जिने माझ्या तोंडावर कचरा जाळला, म्हणजे जाळला म्हणून सांगितलं, तिच्या नाकावर आता ही जेवते.

पाणी घ्यायला फ्रिज उघडला. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, कधी केलं ते लिहिलेलं. दुधावर, लोण्यावर, उरलेल्या भातावर. दवाखान्यात नमुने ठेवतात तसं दिसत होतं. हे कसलं खूळ, असं विचारणार होतो. मी झाकणं उघडून एकेक डबा हुंगला. सगळं ताजं होतं. एकही फेकण्यासारखा निघाला नाही. फ्रिजचं दार उघडं ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे, तो ओरडायला लागला तेव्हा लावलं.

मग बाल्कनीत चहा घेत बसलो. मी बसमधल्या नखवाल्या माणसाची गोष्ट सांगितली. ती ऐकून "शी!" म्हणाली आणि हसली. बरं वाटलं.

तेवढ्यात समोरच्या टोकाची खिडकी बंद झाली.

ती कप हातात तसाच धरून सरळ बसली. दुसरी खिडकी. तिसरी. खालून पोरं पळाली. अगदी तिने सांगितलं होतं तसंच. शेजारच्या बाल्कनीत शेजारणीने कपडे ओढले, आम्हाला बघून "आत या हो" म्हणाली आणि दार लावून घेतलं. आणि मग तो माझ्यापर्यंत आला. मी रुमाल काढला, उठलो.

"आला?" तिने विचारलं.

"आला."

"कसा आहे?"

"कसा म्हणजे? भयंकर. आत चल."

"मला काय आत आणि काय बाहेर. सांग ना, कसा आहे? इथे सगळे नाक धरून पळतात, कोणी सांगतच नाही. शेजारीण म्हणते, घाण. घाण म्हणजे कशी?"

मी दारात उभा होतो. तिने डोळे मिटले होते आणि तोंड वाऱ्याकडे केलं होतं, माणसं उन्हाकडे करतात तसं. मी रुमाल जरा खाली घेतला. अंदाज घ्यायचा तर पुरता घ्यायला हवा.

"आधी गोड येतो," मी म्हटलं. "गोडसर. फसवा. ओल्या कागदात गुंडाळून विसरलेल्या साबणासारखा. एजंट बोलतो ना, तसा."

ती हसली. "मग?"

"मग त्याच्यामागून जळके केस. न्हाव्याच्या दुकानाला आग लागावी आणि आग विझवायला त्यांनी शिळं तेल ओतावं, तसा. तो नाकात शिरत नाही, टाळूला चिकटतो. खरवडून काढावा लागेल."

"आणि?"

मी खुर्चीवर बसलो. बसल्याशिवाय हे सांगता येण्यासारखं नव्हतं. "आणि सगळ्यात खाली एक धातू आहे. तांब्याचं नाणं तोंडात धरल्यासारखा. तो थंड लागतो. बाकीचे येतात जातात, हा बसून राहतो. मळमळ याच्यामुळे होते, वरच्या दोघांमुळे नाही. लोकांना वाटतं चरबीमुळे. नाही. हा खालचा."

"तांब्याचं नाणं," ती म्हणाली. जिभेवर काहीतरी शोधत असल्यासारखी तिची जीभ हलली. "आठवतंय मला. लहानपणी धरायचे मी. थांब हं... हो. आठवतंय." तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, वासाने डोळे चुरचुरले असतील. वासाने तसं होतं. "आणखी सांग," ती म्हणाली. "थांबू नकोस."

डोक्यात ठणके पडत होते. मी श्वास घेतला, पुरता, पोटापर्यंत, आणि सांगत राहिलो. ओलं पोतं. गंजलेली बादली. बंद पडलेल्या दवाखान्यातली गादी. काही काही खरं होतं, काही मी जोडून दिलं. अख्ख्या इमारतीत खिडकी उघडी असलेले आम्ही दोघंच.

वारा पडला तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता. मी मोरीत जाऊन ओकून आलो, खरोखरच ओकलो. मोरी स्वच्छ आहे, एवढं मान्य करायला हवं. परत आलो तर ती तिथेच होती, समोरच्या खिडक्या उघडताना बघत. म्हणाली, "बरा आहेस का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.

आत्ता खाली जाऊन वाण्याला विचारून आलो, उद्या सकाळची पहिली बस किती वाजता ते. इथून प्रयोगशाळा म्हणजे जिवाची तंगडतोड, रोज कोण करणार कोण जाणे. वाण्याचं दुकान काही विकलं गेलेलं नाही. त्याच्या वरच्या दातांची अवस्था बघवत नाही, चार किडलेले आणि दोन हलतात. त्याला म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडून ठसा घेऊन ठेव. मी काय, येता-जाता घेऊन जाईन.